पोचिंकी ठाऊक, पवनी नाही

मंडळी, गोष्ट गेल्या दिवाळीतली आहे. नागपूरचा नातू सुटीत गावी आला होता. तो आला की ओसरीचा एक कोपरा आठ दिवस त्याचा असतो, कारण मोबाईल चार्ज करायचा बोर्ड तिथेच आहे. गावात मंडई होती. मी धोतर-टोपी करून तयार बसलो, पण हा काही उठेना.

"चल बेटा, उशीर होऊन राहिला."

"आबाजी, दोन मिनिटं थांबा नं. आत्ताच पोचिंकीत उतरलो."

पोचिंकी! मला वाटले रशियात कुणी मित्र केला की काय याने. मग त्याने समजावून सांगितले. पोचिंकी हे एक गाव. ते एका बेटाच्या मधोमध आहे. कोणत्या घरात बंदूक सापडते, कोणत्या खिडकीतून रस्ता दिसतो, कुठून पळाले तर गोळी लागत नाही, सगळे त्याला पाठ. मी शिक्षक माणूस. इतका पक्का भूगोल पाहून मला कौतुकच वाटले. म्हणून सहज विचारले, "बरं, आता सांग, पवनी कुठे आहे?"

"कोणती पवनी?"

कोणती पवनी... भंडारा जिल्ह्यातली, दुसरी कोणती! एका अंगाला वैनगंगा, बाकी अंगांना तट आणि खंदक, नदीवर घाट, गल्लोगल्ली देवळे. जिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने खोदले आणि दोन हजार वर्षांपेक्षा जुना बौद्ध स्तूप वर आला, ती पवनी. नातवाला या जगात नसलेले गाव ठाऊक आणि स्वतःच्या जिल्ह्यातले ठाऊक नाही. राग येण्याआधी लाज वाटली. पस्तीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या पोरांना इतिहास-भूगोल शिकवला, त्याच्या घरातली ही गत!

पहिल्यांदा माझ्याही मनात तेच आले जे तुमच्या मनात आले असेल. आपल्याकडे असे खेळ का बनत नाहीत? पोचिंकीच्या जागी पवनीचा किल्ला का नसावा? पण दोन दिवस विचार केला तेव्हा लक्षात आले की पवनीचा किल्ला घालणे ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. उद्या कुणीही घालील. तटाचे फोटो काढील, घाट रंगवील आणि त्यावर शंभर बंदूकवाले उतरवील. ते एकमेकांना मारतील, शेवटी एक उरेल. खाली लिहिलेले असेल, 'भारतीय संस्कृतीवर आधारित'. अशा खेळाने नातवाला पवनी ठाऊक होईल का? त्याला एवढेच कळेल की पवनीतल्या कोणत्या देवळामागे लपता येते.

हे मी उगाच बोलत नाही. जरा मागचा हिशेब बघा.

३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान म्हणाले की भारतातल्या तरुणांनी भारताच्या कल्पनांवर, भारताच्या इतिहासावर खेळ बनवावेत. सूचना उत्तमच होती. तीनच दिवसांत, २ सप्टेंबरला, सरकारने ११८ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात पोरांचा लाडका पब्जी मोबाईल गेला. लगेच 'फौजी' नावाच्या स्वदेशी खेळाची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ ला, मुहूर्त साधून, तो आलाही. चार दिवस गाजला. मग २ जुलै २०२१ ला जुन्या खेळाचीच कोरियन कंपनी 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' घेऊन परत आली. नावात 'इंडिया' आले. भारतीय आवृत्ती म्हणून बदल काय होता ठाऊक आहे? रक्ताचा रंग लालऐवजी हिरवा! आणि 'मारले' या शब्दाऐवजी 'संपवले' अशा अर्थाचा शब्द. बाकी शंभर जण उतरणार आणि एक उरणार, हे तसेच. याला म्हणतात देशी करणे? आमच्या गावचा शिंपीसुद्धा जुन्या पँटची पिशवी शिवताना यापेक्षा जास्त डोके चालवतो.

आता मुख्य मुद्दा. खेळाची संस्कृती चित्रात नसते, ती नियमात असते. जिंकतो कोण, हरतो कोण, कशाची किंमत मोजावी लागते, दुसऱ्याला मदत केली तर फायदा होतो की तोटा, याची उत्तरे म्हणजे नियम. पोशाख कुणाचाही चढवा, नियम परका असेल तर खेळ परकाच. हे पटवायला मला परदेशात जायची गरज नाही, आपल्याच घरातले दोन पट पुरेत.

पहिला मोक्षपट. आपली परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. पटावर घरे, घरांवर गुण-अवगुणांची नावे, सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप, आणि वरच्या टोकाला मोक्ष. बऱ्याच जुन्या पटांवर साप जास्त आणि शिड्या कमी असत, कारण वर चढणे अवघड आणि घसरणे सोपे, हे खेळणाऱ्याला बोटांनी कळावे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडला गेला. तिथे आधी गुण-अवगुण त्यांच्या पद्धतीचे झाले, साप-शिड्यांची संख्या सारखी झाली, मग गुण-अवगुण निघूनच गेले. मोक्षाच्या जागी शंभर हा आकडा आला. साप तेच, शिडी तीच, पण खेळ दुसराच झाला. आपण आता तोच कागद बाजारातून विकत आणून पोरांना देतो.

दुसरी पचीसी. चौघांचा खेळ, पण दोन-दोनचे भिडू. माझ्या सोंगट्या घरी पोचल्या म्हणून मी जिंकलो असे होत नाही, भिडूच्याही पोचाव्या लागतात. म्हणून आपण आधी पोचलो तरी त्याच्यासाठी थांबायचे, त्याची वाट मोकळी करायची. माझी आजी कवड्या टाकताना जे बोलायची ते अर्धे भिडूला धीर देण्याचेच असे. इंग्लंडात १८९६ साली याच खेळावरून 'लुडो'चे पेटंट निघाले. कवड्या गेल्या, फासा आला, आणि भिडू गेला. ज्याचे तो बघेल! पुढे नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ साली 'लुडो किंग' काढला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी तोच चालू होता, आमच्याकडेही. भारतीय कंपनीचा खेळ इतका चालला याचा मला आनंद आहे, त्यांच्याशी माझे भांडण नाही. दुकानदार खपते ते विकतो. पण गंमत बघा, पचीसीच्या देशातल्या कंपनीने मोबाईलवर आणली ती लुडो! आपली म्हैस शेजाऱ्याने नेली, आटवली आणि आपण तीच बाजारातून पुन्हा विकत घेतली.

आता सरकारी पैशाकडे वळतो, कारण पैसा येतो आहे आणि थोडाथोडका नाही. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृती दल जाहीर झाले, त्याच वर्षी त्याचा अहवाल आला. २०२५ साली १ मे रोजी, नेमक्या महाराष्ट्र दिनी, मुंबईत 'वेव्हज' नावाचे मोठे संमेलन भरले. मुंबईतच भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या क्षेत्राचे धोरण मंजूर केले, त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. आणि यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातल्या १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत या विषयाच्या प्रयोगशाळा काढायचे ठरले आहे. २०३० पर्यंत या धंद्याला वीस लाख माणसे लागतील असेही त्यात म्हटले आहे.

पंधरा हजार शाळा! मास्तर म्हणून माझे कान टवकारले. त्यातल्या काही आपल्याही जिल्ह्यात येतील. साकोलीत येईल, लाखांदुरात येईल, तुमसरात येईल. चांगलेच आहे. पोरांनी मोबाईलवर खेळू नये असे म्हणणाऱ्यातला मी नाही. आमच्या लहानपणी विटी-दांडूवरूनही मार खाल्लेला आहे, त्यामुळे खेळाला शिव्या देणाऱ्या मोठ्या माणसांवर माझा विश्वास कमी आहे. (पैसे लावून खेळायचे ऑनलाईन जुगार संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंद केले, ते मात्र उत्तम केले. कितीतरी घरे त्यातून उठली.) मला भीती वाटते ती निराळीच. या प्रयोगशाळांत आमची पोरे खेळ रचायला शिकतील की दुसऱ्याच्या खेळात रंग भरायला?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा आहे. कर्ज काढून ॲनिमेशनचा कोर्स केला, आता एका मोठ्या शहरात रात्रपाळीला जातो. काम काय, तर परदेशी सिनेमातला नट उडी मारतो तेव्हा त्याच्या पाठीला बांधलेली तार चित्राच्या एकेका चौकटीतून पुसायची. सिनेमा कोणता, गोष्ट काय, त्याला ठाऊक नसते. पोटापाण्याचे काम आहे, मी हलके लेखत नाही. पण त्याचा बाप मला म्हणाला, "गुरुजी, पोरगा चित्र चांगला काढत होता." यातला 'होता' माझ्या मनातून जात नाही. वीस लाख माणसे लागणार म्हणतात, ती तार पुसणारी वीस लाख की गोष्ट सांगणारी? धोरणाच्या कागदावर दोन्हींना 'रोजगार' एवढा एकच शब्द आहे.

टीका करणाऱ्याने 'मग काय करावे' हेही सांगितले पाहिजे, म्हणून एक जुनी आठवण सांगतो.

१९८४-८५ ची गोष्ट असेल. मी साकोली तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला शिकवत होतो. गावाला मामा तलाव. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी. आमच्या पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी ते बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'सरकारचा तलाव' म्हटल्यावर गाळ काढायला कुणी येईना. तर वर्गात तलावाचा पाठ काही केल्या रंगत नव्हता. तेव्हा मी खडूने फरशीवर तलाव काढला. पार काढली (पाळीला आमच्याकडे पार म्हणतात, झाडीत 'ळ'चा 'र' होतो), पाणी सोडायचे तुडूम काढले, जास्तीचे पाणी वाहून जायची सलंग काढली, खाली बांध्या पाडल्या. पाणी म्हणून चिंचोके. एकेक बांधी एकेका पोराला. म्हटले, चिठ्ठी उचलून पावसाचा आकडा ठरेल, तेवढे चिंचोके तलावात पडतील. आपापले धान पिकवा.

पहिल्या डावात तुडुमाजवळच्या पोरांनी सगळे पाणी उचलले. शेपटाच्या पोरांचे धान निसवायच्या वेळी वाळले. ती पोरे इतकी चिडली की दुसऱ्या डावात त्यांनी रात्री (म्हणजे मी पाठ फिरवल्यावर) पारच फोडली! सगळेच बुडाले. तिसऱ्या डावाआधी पोरांनी आपणहून बैठक घेतली. पाण्याची पाळी ठरली, आधी शेपूट मग तोंड असे ठरले, पाणी सोडायला एक जण नेमला. त्याला मजुरी म्हणून प्रत्येकाने एक चिंचोका द्यायचा. मी एक शब्द बोललो नव्हतो. मग मागच्या रांगेतला एक ढिवराचा पोरगा, जो वर्षभर वर्गात बोलला नव्हता, हळूच म्हणाला, "गुर्जी, सप्पा पानी घेतलं त मासोऱ्या कोटी जातीन?"

वर्ग गप्प. तलाव फक्त धानाचा नाही, हे सगळ्या वर्गात त्या एकाला ठाऊक होते. मग नियम झाला की पाच चिंचोके तलावातून कधीच काढायचे नाहीत. त्या दिवसापासून तो पोरगा बोलू लागला.

मंडळी, मी साधा बी.ए. मास्तर. पण आज नातवाकडून या धंद्यातले शब्द ऐकतो तेव्हा कळते की त्या दिवशी फरशीवर जे झाले ते खेळ रचणेच होते. त्याला लागले काय? खडू, चिंचोके, आणि तलावाकाठी राहणारी पोरे. त्या खेळाचा नियम कोरियातल्या किंवा अमेरिकेतल्या कुणाला सुचला नसता, कारण पाच चिंचोके का ठेवायचे हे कळायला ढिवराच्या घरी जन्मावे लागते किंवा त्याच्या शेजारी बसावे लागते. शंभरातला एक उरतो तो एक खेळ. पार फुटली तर सगळे जातात, तो दुसरा. हा दुसरा खेळ आमचा आहे आणि तो आम्ही अजून कुणाला दाखवलेला नाही.

कुणी म्हणेल, हे शाळेत ठीक, जगात कोण खेळणार? जगात काय चालले आहे तेही बघा. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या एका कंपनीने २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' हा युद्धाचा खेळ काढला. त्यात आपण सैनिक नसतो, वेढा पडलेल्या शहरात अडकलेले साधे लोक असतो. औषध कुणाला द्यायचे, म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या घरातले अन्न चोरायचे की उपाशी राहायचे, असले प्रश्न. सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला, पण युद्धात घरात अडकलेल्या माणसाचे काय होते हे वॉर्साला कुणी शिकवायला नको. तो जगभर खपला आणि २०२० साली पोलंड सरकारने तो शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घालायचे ठरवले. खेळ, आणि वाचनाच्या यादीत! त्याच २०१४ साली अलास्कातल्या इनुपियाट लोकांच्या गोष्टीवरून 'नेव्हर अलोन' निघाला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेने त्यात पैसा घातला, खेळ रचणारे गावातल्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसले. एक मुलगी आणि एक कोल्हा, दोघांनी एकमेकांना मदत केली तरच वाट सापडते, आणि सगळे कथन इनुपियाक भाषेत, खाली इंग्रजी अक्षरे. ती भाषा बोलणारे उरले आहेत काही हजार. आमची झाडीबोली बोलणारे त्यांच्यापेक्षा किती तरी जास्त आहेत, पण आमच्या शाळेत झाडीत उत्तर दिले की आजही पोराला हसतात.

आपल्याकडेही आशेच्या जागा आहेत, त्या नाकारणे कृतघ्नपणा होईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी' हा खेळ काढला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी चिवटपणे तो २०२० साली पुरा केला. सर्कशीतली एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधते आणि दुर्गा व विष्णू तिची गोष्ट सांगतात. त्या वर्षीच्या जागतिक 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण देव आधी इंग्रजीत बोलले, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदीत बोलले. पुण्यात जन्मलेल्या देवी मराठीत कधी बोलणार, याची आम्ही वाट बघतो आहोत. दोष कंपनीचा नाही. मराठीत खेळ काढला तर गिऱ्हाईक नाही, अशी समजूत आहे.

या समजुतीला माझे उत्तर एकच, वडसा. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज-वडसा. दिवाळी झाली की तिथून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या निघतात आणि होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत रात्रभर नाटके करतात. थंडीत शाल-चादर घेऊन लोक तिकीट काढून बसतात. शंकरपटाला जमलेल्या गर्दीतून वाढलेली ही रंगभूमी आज कोट्यवधींची उलाढाल करते. हे कुणा मंत्रालयाच्या धोरणाने झाले नाही. २०२३ साली झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, पण लोकांनी त्यांना त्याच्या किती तरी आधी डोक्यावर घेतले होते. मग 'स्थानिक गोष्टीला बाजार नाही' हे कुणी सांगावे? बाजार आहे. बाजारात बसलेल्यांना आमचे गाव दिसत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप माझाच माझ्यावर आहे. शिक्षकांनी खेळात हात घातला की खेळ मरतो! हे मात्र शंभर टक्के खरे. उपदेशाचा खेळ कुणी खेळत नाही. माझ्या चिंचोक्यांच्या खेळात मी 'पाणी जपून वापरा' असे फळ्यावर लिहिले असते तर पोरे झोपली असती. पोरांनी पार फोडली म्हणून तो रंगला. नियमाने पोराला चुकू दिले पाहिजे, लबाडी करू दिली पाहिजे आणि तिचे फळ त्याच्या समोर आले पाहिजे. तेव्हा कृपा करून थोर पुरुषांच्या चरित्रावर प्रश्नोत्तरांचे खेळ काढून त्याला 'संस्कृती' म्हणू नका. चौथीच्या पुस्तकाला बटणे लावली म्हणून त्याचा खेळ होत नाही.

तर माझे मागणे असे. आमच्या शाळांत ती प्रयोगशाळा येईल तेव्हा पहिले सहा महिने संगणकाचे खोके उघडू नका. पोरांना तलावावर न्या, पवनीच्या तटावर न्या, मंडईत दंडार बघायला बसवा, वाघबकरीचा पट आखता येणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बसवा. त्यांना कागदावर, चिंचोक्यांवर, खड्यांवर नियम रचू द्या आणि मोडू द्या. मग संगणक लावा. खेळ बनवायच्या मोफत प्रणाल्या आहेत, नातू म्हणतो 'गोडो' नावाची एक चांगली आहे. शिकवणे मराठीत असू द्या आणि पोर झाडीत बोलले तर त्याच्या बोलण्यात चूक काढू नका, नाहीतर मासोऱ्यांचा नियम सांगणारे पोर पुन्हा वर्षभर गप्प बसेल. आणि ते जे ३,२६८ कोटी आहेत, त्यातला एक वाटा मुंबई-पुण्याबाहेर, पाच-सात जणांच्या लहान गटांना द्या, खेळाची मालकी त्यांच्याकडेच राहील अशा अटीवर. इमारती कमी बांधल्या तरी चालतील. आमच्या तलावांवरून सांगतो, बांधणे एकदाचे होते, गाळ दरवर्षी काढावा लागतो.

नातवाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मंडईहून येताना त्याला तलावाच्या पारीवर नेले आणि चिंचोक्यांची गोष्ट सांगितली. त्याने दोनच प्रश्न विचारले.

"आबाजी, यात शत्रू कोण?"

मी म्हटले, "एखाद्या वर्षी पाऊस. बाकी वर्षी आपणच."

"आणि जिंकला की काय मिळते?"

"पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "बोअर नाही, पण कठीण आहे." माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला हा सगळ्यात प्रामाणिक शेरा आहे! घरी आल्यावर तो पुन्हा पोचिंकीत उतरला, हेही खरेच सांगतो. आजोबाच्या एका गोष्टीने पोर बदलत नसते. पण जाताना माझ्याकडून मूठभर चिंचोके मागून घेऊन गेला.

असो. तुमच्या गावच्या शाळेत ती प्रयोगशाळा आली, फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, की पाहुण्यांना एकच विचारा. संगणक किती आले हे नको. इथे जो खेळ होणार आहे, त्याचा नियम कोण ठरवणार? उत्तर 'वरून येईल' असे मिळाले, तर पेढा खा आणि समजून जा. रक्ताचा रंग हिरवा करायला आणखी एक शाळा निघाली.